झाकणाखाली फुटलेला मका

मित्रांनो, मी एक जुने झाकण आहे. पितळेचे आहे, दीड वीत रुंद आहे आणि कडेला एका जागी चेपलेले आहे. माझी मूळची मूठ कधीच तुटली. तिच्या जागी दोऱ्याचे लाकडी रीळ स्क्रूने बसवले आहे. दिसायला मी बेताचेच आहे, हे मला ठाऊक आहे. पण मांडणीवरच्या इतर कुठल्याही भांड्याला जे दिसत नाही, ते मला दिसते. भांडे झाकले की आत काय चालले आहे, हे सगळ्या घरात फक्त झाकणाला कळते. स्वयंपाक करणारी बाई वासावरून अंदाज बांधते. भुकेली पोरे नुसती वाट पाहतात. मी मात्र तिथेच असते, तोंड खाली करून.

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ पाहिले. पण गेल्या वैशाखात जे पाहिले, त्याचे नवल अजून ओसरलेले नाही. तेच सांगायला बसले आहे. मात्र आपली गोष्ट सांगायची म्हणजे जन्मापासून सुरुवात करावी लागते, म्हणून थोडा धीर धरा. धीर धरायची सवय लावून घेतलेली बरी, कारण गाठ झाकणाशी आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथे गोमाजी नावाच्या कारागिराने मला घडवले. आधी पितळेचा गोल पत्रा कापला, तापवला, मग हातोडीने ठोकून ठोकून मला थोडे घुमटासारखे वर उचलले. त्या बारीक ठोक्यांच्या खुणा माझ्या पाठीवर अजून आहेत. मी एका गंजासाठी घडवले गेले होते. आमच्याकडे उभट पातेल्याला गंज म्हणतात. गोमाजी मला गंजाच्या तोंडावर बसवून पाहायचा, बोटाने कड चाचपायचा, पुन्हा उतरवून ठोकायचा. अखेर एकदा मी असे चपखल बसले, की तो हसला आणि म्हणाला, "आता वाफ बी इजाजत घेऊन बाहेर येईल."

मित्रांनो, मला आयुष्यात मिळालेली ही पहिली शाबासकी. पुढची मिळायला पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ गेला.

सानगडीजवळच्या एका गावात शकुबाईचे लग्न झाले, तेव्हा आंदणाच्या भांड्यांबरोबर गंज आणि मी तिच्या सासरी आलो. घर तिच्या नवऱ्याचे, वासुदेवरावांचे. मागे बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आणि बोडीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे. घर धानाचे, म्हणून दोन्ही वेळा भात. सकाळी गंज चुलीवर चढायचा आणि मी गंजावर. आत पाणी उकळायचे, तांदूळ वर यायचे, खाली जायचे, फुगायचे. वाफ माझ्या पोटाला लागून तिचे थेंब व्हायचे आणि ते थेंब परत भातात पडायचे. दाणा शिजताना पाहणे मला फार आवडायचे. कडक, पांढरा, काही न बोलणारा दाणा बघता बघता मऊ होतो. मी रोज पाहायचे आणि रोज मला नवल वाटायचे.

पाहुणे जेवायला बसले की म्हणत, "भात मोकळा झाला, गंज चांगला आहे." झाकण चांगले आहे, असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. मला वाईट वाटायचे. लपवण्यात काय अर्थ आहे?

मग घरात कुकर आला. गंजाला बुडाशी भोक पडले. एक दिवस भांडीवाला दारात आला आणि शकुबाईने तो गंज मोडीत देऊन स्टीलची दोन पातेली घेतली. भांडीवाल्याने विचारले, "याचं झाकन कुठी आहे?" शकुबाईने घरभर शोधले. मी सापडले नाही. त्या वेळी मी परसात, कोंबडीची पिल्ले झाकलेल्या टोपल्यावर होते आणि माझ्या डोक्यावर दगड ठेवलेला होता. त्या दगडाने मला वाचवले. पण ज्याच्यासाठी मी घडले होते, तो गंज गेला.

त्यानंतरची वर्षे मी परसातच काढली. कधी पिल्लांवर पांघरूण, कधी उलटे करून कोंबड्यांना पाणी प्यायचे ताट. अंगावर हिरवा कळंक चढला. मूठ तुटली तेव्हा शकुबाईचा मुलगा चंद्रकुमार याने ते रीळ बसवून दिले, तेही माझ्या काळजीने नव्हे, तर कोंबडीच्या चोचीला घाबरून. मी मनाशी ठरवून टाकले होते की आपले दिवस संपले.

परसातून मात्र घरातले सगळे ऐकू येते. चंद्रकुमारचे लग्न झाले आणि हमरस्त्यावरच्या शहापूरची डिंपल या घरात सून म्हणून आली. चंद्रकुमार लाखनीला टायरच्या दुकानात कामाला जाऊ लागला आणि शेतीचे काम डिंपल, सासू आणि सासरे या तिघांवर आले. डिंपल वाकून धान रोवायची तेव्हा तिची ओळ सुतात असायची. पण काय लावायचे, कधी लावायचे, कुठे लावायचे हे तिला कोणी विचारत नसे. विचारायचे असते, हेच कोणाच्या डोक्यात नव्हते.

त्या वैशाखाच्या आधीच्या कार्तिकात, धान निघाल्यावर, वासुदेवराव अंगणात बसून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, घोटत होते. डिंपल समोर येऊन उभी राहिली. नेहमी भराभर बोलणारी सून त्या दिवशी पदराशी चाळा करत होती.

"मामाजी, बोडीखालची तुकडी यंदा मले द्या जी. मका लावाचा आहे."

"मका?" वासुदेवरावांचा हात थांबला. "खाईल कोन?"

"खाचा मका नाही जी. फोडाचा. पॉपकॉर्नचा मका वेगळा येते. आमच्या शहापुरात रोडवर ठेले लागत होते, तवापासून माह्या मनात आहे."

"त्या तुकडीत उन्हाळी धान होते, बाई. बोडीचं पानी आयतं भेटते."

डिंपलने एका दमात सांगून टाकले. "बारा वर्षं तुमी सांगतलं ते लावलं, मामाजी. रोवना तुमच्या सांगन्यावर, निंदन आत्याबाईच्या सांगन्यावर. माह्या हाताची तक्रार नाही. एक तुकडी माह्या मनानं लावून पाहू द्या."

मी त्या वेळी पिल्लांवर होते. खाली पिल्ले चिवचिवत होती, पण मला वासुदेवरावांच्या उत्तराशिवाय काही ऐकायचे नव्हते. त्यांनी आधी खर्रा घोटून संपवला.

"एक साल," ते म्हणाले. "दाना आपल्या घरी, माह्या डोळ्यासमोर फुटला पाहिजे. फुटला तर धान निघाल्यावर ती तुकडी दरसाल तुही. नाही फुटला तर पुढच्या साली तेथी धान. कबूल?"

"कबूल," डिंपल म्हणाली.

मित्रांनो, शर्त अशी लागली. ती चार गुंठ्यांची तुकडी या घराच्या शेतीत कोणी मोजतही नव्हते. पण डिंपलच्या आयुष्यात स्वतःच्या मनाने पेरलेली ती पहिलीच जमीन होती.

मका कसा वाढला ते मी पाहिले नाही, फक्त ऐकले. डिंपलची नऊ वर्षांची मुलगी दामिनी शाळेतून आली की डबा बडवत पोपट हाकलायला जायची. रानडुकरे एकदा येऊन गेली. चैत्र सरताना कणसे निघाली. परसात ढीग पडला तेव्हा मी पाहिले, एकेक कणीस वीतभरही नव्हते आणि दाणे लहान, टोकदार, मधाच्या रंगाचे.

आता शकुबाई पुढे सरसावली. "वाळवाचं काम माह्यावर सोड," ती सुनेला म्हणाली.

"आठ दिवस सावलीत ठेवलं की पुरे, आत्याबाई. फोनमंधी तसंच सांगतलं."

"फोनले काय समजते? फोननं कधी धान वाळवलं का?"

डिंपलने हसून कणसे सासूपुढे सरकवली. सासूच्या बोलण्यात खोट नव्हती, हे तिला कळत होते. आमच्याकडच्या बायकांचे सगळे आयुष्य धान वाळवण्यात जाते. ओला दाणा कोठीत गेला की त्याला कीड लागते, बुरशी येते आणि गावभर नाव होते. आपल्या सुनेचा दाणा ओला निघाला असे कोणी म्हणू नये, म्हणून शकुबाईने जीव ओतला. घरकुलाच्या स्लॅबवर ताडपत्री अंथरून तिने तो मका बावीस दिवस उन्हात घातला. वैशाखातले आमचे ऊन तुम्हाला ठाऊक असेल. दुपारी परसातल्या कोंबड्याही चोच उघडून सावलीत बसतात. त्या उन्हात शकुबाई दिवसातून तीनदा वर जाऊन दाणे हाताने फिरवायची, एखादा दाताखाली धरायची आणि म्हणायची, "अजून एक दिवस."

बाविसाव्या दिवशी दाणे मुठीत घेऊन हलवले की काचेच्या मण्यांसारखे वाजू लागले. शकुबाई खूश झाली.

परीक्षेचा दिवस रविवार ठरला. वासुदेवराव सकाळीच खाट ओढून स्वयंपाकघराच्या दाराशी बसले. डिंपलने वडे तळायची जाड बुडाची लोखंडी कढई काढली. आता झाकण हवे होते. स्टीलची झाकणे बसवून पाहिली. एक आत पडले, दुसरे कलंडले, कुकरचे तर कामाचेच नव्हते. फुटणारे दाणे बाहेर उडू नयेत म्हणून घट्ट आणि जड झाकण लागते. डिंपल इकडे तिकडे पाहू लागली.

"आई, पिल्लायवरचं?" दामिनी म्हणाली आणि परसात पळाली.

मित्रांनो, त्या पोरीने मला उचलले तेव्हा माझ्यावर कोंबड्यांची घाण होती. तिने मला चिंच आणि राख लावून घासले. कळंक निघाला, पितळ चमकले. शकुबाई जवळ आली, माझ्यावरचे ठोके बोटाने चाचपत म्हणाली, "अवो माय, हे तर माह्या गंजाचं." तिने मला कढईवर ठेवले. गोमाजीने मला ज्या गंजासाठी ठोकले होते त्याचे तोंड आणि या कढईचे तोंड जवळजवळ सारखे निघाले. मी बसले. इतक्या वर्षांनी माझ्या खाली विस्तव होता.

मी आत पाहिले. तेल तापले होते, दाणे बुडाशी पसरले होते. दाणे थरथरले. काहींनी जागा बदलली. मला वाटले, आता काहीतरी होणार. पण रंग गडद होत गेला. मधाचा रंग तपकिरी झाला, तपकिरीचा काळा. दोन दाण्यांनी कसेबसे टोक उघडले आणि तसेच राहिले. धूर माझ्या कडेतून निघू लागला.

डिंपलने मला उचलले. सगळ्यांनी कढईत पाहिले. भांडेभर गणंग. लाह्या भाजताना जे दाणे फुटत नाहीत त्यांना गणंग म्हणतात.

तिने कढई पुसली आणि दुसरी मूठ टाकली. तेच झाले. तिसऱ्या मुठीला आच मंद ठेवली. तेच झाले. दामिनी आईच्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "ठेल्यावाल्याचे फुटतात ना? आपले काहून नाही फुटत?"

वासुदेवराव उठले. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मी त्यांच्या पायांवरून ओळखले. मी त्या वेळी जमिनीवर होते आणि त्यांची पावले माझ्यासमोर बराच वेळ अडखळली होती. "असू दे, बाई," ते म्हणाले. "मका सगळ्यायलेच साधत नाही. पुढच्या साली धान लावू." आणि ते शेताकडे निघून गेले.

डिंपल रडली नाही. तिने काळे दाणे कोंबड्यांना टाकले आणि कढई घासायला घेतली. मीही तिच्या शेजारी पडून होते. ती कढई घासून लख्ख झाली तरी ती घासतच राहिली.

तिकडे शकुबाई ओसरीवर बसून एक दाणा दातात धरून चावत होती. "स्स," करून तिने गाल धरला. दाणा तळहातावर घेऊन ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने हाक मारली. "डिंपल, एथी ये."

डिंपल हात पुसत आली.

"माह्या मायच्या घरी धानाच्या लाह्या फोडत होते," शकुबाई म्हणाली. "माय आदल्या दिवशी धानावर पानी शिंपत होती. पोत्यात झाकून ठेवत होती. मी लहान होतो, इचारलं, वाळलेल्या धानावर पानी कायले? तर म्हने, अंदर पानी नसलं तर फोडाले काय उरते?"

तिने तळहातावरचा दाणा डिंपलपुढे धरला.

"दान्यात पानीच नाही राहिलं, बाई. म्या सगळं वाळवून टाकलं."

मित्रांनो, आता डिंपल म्हणेल की जाऊ द्या आत्याबाई, तुमच्यामुळे नाही, असे मला वाटले. चांगल्या सुना असे म्हणतात असे मी ऐकले होते. पण ती तसे म्हणाली नाही. ती म्हणाली, "मी म्हनलं होतं, आठ दिवस पुरे."

"म्हनली होती," शकुबाई म्हणाली. "म्या आयकलं नाही."

पंचेचाळीस वर्षांत शकुबाईने या घरात असे वाक्य कोणाला म्हटल्याचे मला आठवत नाही. नवऱ्यालाही नाही, मुलालाही नाही. मग शकुबाईच म्हणाली, "आता पानी किती माराचं, ते तू सांग."

डिंपलने काचेच्या बरणीत दाणे भरले. चमच्याने मोजून दोन चमचे पाणी घातले, झाकण लावून बरणी खूप हलवली आणि सावलीत मांडणीवर ठेवली. मलाही शेजारीच ठेवले, परसात परत पाठवले नाही. पहिल्या दिवशी पाण्याचे थेंब काचेला चिकटलेले दिसत होते. दुसऱ्या दिवशी निम्मे उरले. डिंपल येता-जाता बरणी हलवायची. चौथ्या दिवशी काच कोरडी झाली. पाणी कुठे गेले, ते मी डोळ्यांनी पाहिले होते तरी मला पटत नव्हते. एवढ्याशा दाण्यांनी ते पिऊन टाकले होते आणि वरून तसूभरही ओले दिसत नव्हते.

पाचव्या दिवशी, चहाच्या वेळेला, कढई पुन्हा चढली. वासुदेवरावांना शकुबाईने हाताला धरून आणले.

"आता अजून तेल कायले जाळता?" ते म्हणाले आणि खाटेवर पाठ करून बसले.

डिंपलने तेलात आधी तीनच दाणे टाकले आणि मला ठेवले. मी खाली पाहत होते. दाणे थरथरले, मागच्यासारखेच. रंग बदलू लागला, मागच्यासारखाच. माझा धीर सुटत चालला होता. तोच त्यातल्या एका दाण्याच्या अंगावर ताण आला. तो फुगला नाही, हलला नाही, नुसता ताठला. आणि टक् करून तो माझ्या छातीवर येऊन आपटला.

मित्रांनो, मी तो फुटताना पाहिला. डोळ्याचे पाते लवायच्या आत त्याने आपली आतली बाजू बाहेर काढली आणि बाहेरची आत घेतली. कडक पिवळ्या कवचात एवढे पांढरे, एवढे मऊ कुठे मावले होते? कोणी घडीवर घडी घालून ते आत ठेवले होते? मी भात शिजताना आयुष्यभर पाहिला होता. तांदूळ हळूहळू मऊ होतो, पाणी मागत मागत. हा दाणा मात्र स्वतःजवळ राखलेल्या पाण्याच्या कणाने एका क्षणात दुसराच कोणीतरी झाला.

दुसरा फुटला. तिसरा फुटला. डिंपलने मला थोडे सरकवून मूठभर दाणे टाकले आणि पुन्हा बंद केले.

मग काय झाले ते नीट सांगणे मला जमेल असे वाटत नाही. आधी थोडी शांतता. मग एक आवाज, दोन, चार, आणि मग मोजदाद सुटली. माझ्यावर खालून मारा सुरू झाला. गोमाजीच्या हातोडीचे ठोके वरून पडायचे, हे खालून पडत होते आणि एकही ठोका दुखत नव्हता. खाली काळ्या बुडावर पांढरे उमलत होते, एकावर एक चढत होते, वर येत होते. वाफ माझ्या कडेतून शिट्टी घालत होती. मी हळूहळू वर उचलले जाऊ लागले. पितळेचे जड झाकण मी, आणि मला कोण उचलत होते, तर मूठभर मका!

आवाज ऐकून वासुदेवराव वळले होते. ते कधी उठले ते मला कळले नाही. त्यांचा हात माझ्या रिळापाशी आला.

"हात नका लावू!" शकुबाई ओरडली. "डिंपल सांगल तवाच."

वासुदेवरावांनी हात मागे घेतला. पंचेचाळीस वर्षांत तेही मी पहिल्यांदाच पाहिले.

डिंपल कान देऊन ऐकत होती. ठोके विरळ झाले. दोन ठोक्यांमध्ये श्वास घेण्याएवढा वेळ जाऊ लागला, तेव्हा तिने आच बंद केली आणि मला उचलले. कढई काठोकाठ भरली होती. दामिनीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. वासुदेवराव वाकून पाहत राहिले. त्यांनी एक लाही उचलली, प्रकाशात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. ज्या माणसाने साठ वर्षे धान्य पिकवले, तो एका दाण्याकडे असा पाहत होता की जणू धान्य म्हणजे काय ते त्याला आजच दिसले.

"एवढं सगळं त्या एवढ्याशात होतं?" ते म्हणाले.

"हो जी," डिंपल म्हणाली. तिचे डोळे आता भरून आले.

पण काम अजून झाले नव्हते. तिने लाह्या परातीत काढल्या. त्याच कढईत चमचाभर तूप आणि वाटीभर चिरलेला गूळ टाकला. गूळ विरघळला, फेसाळला. तिने पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून पाहिला. थेंब कडक झाला तशी आच बंद करून लाल तिखट आणि मीठ टाकले. तिखटाचा भपका नाकात जाऊन सगळेच शिंकले. मग लाह्या परत कढईत, वर मी, आणि दोन्ही कान फडक्याने धरून तिने आम्हाला असे हलवले की माझेही पोट गोड-तिखट झाले. मला चव कळत नाही, पण वास कळतो. भाताच्या वाफेचा वास घेत जन्म काढलेल्या मला त्या वासाने नवा जन्म मिळाल्यासारखे वाटले.

दामिनीने पहिली लाही आजोबांच्या हातावर ठेवली. वासुदेवरावांनी ती सावकाश चावली.

"आधी गोड लागते," ते म्हणाले. मग त्यांचे कान लाल झाले. "अन् मंग झोंबते. तुह्या आजीसारखीच आहे."

शकुबाईने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिले आणि एक मूठ उचलून तोंडात टाकली. दाताचे दुखणे ती विसरली होती. मग तिने मला हातात घेतले, पदराने पुसले आणि म्हणाली, "झाकन चांगलं आहे बाप्पा." मित्रांनो, मी मघाशी दुसऱ्या शाबासकीचे म्हटले, ती हीच.

सगळे खात होते तेव्हा डिंपलचा हात एकदम थांबला. "आत्याबाई, बी?" ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. सगळे दाणे उन्हात कडक झालेले आणि उरलेल्यांना पाणी लागलेले. त्यातले उगवणार काय? तुकडी मिळाली, पण पेरायला तिच्याजवळ काही उरले नव्हते.

वासुदेवराव उठले आणि गोठ्यात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात सुतळीने बांधलेला कणसांचा घोस होता. सहा कणसे, पाल्यासकट, सगळ्यांत भरलेली. ऊन न लागता चैत्रापासून ती गोठ्याच्या आढ्याला सावलीत टांगलेली होती.

"आबाजी," दामिनी म्हणाली, "पन तुमीच म्हनले होते ना, फुटलं नाही तर धान लावू. मंग बी कायले राखलं?"

वासुदेवराव जरा गोंधळले. त्यांनी नातीकडे पाहिले, मग सुनेकडे. "तुह्या आईनं लावलं होतं," ते म्हणाले. "म्हनून राखलं."

त्यांनी घोस डिंपलच्या हातात दिला. शकुबाई तो घ्यायला सवयीने पुढे झाली होती. वासुदेवरावांनी तिला हाताने थांबवले आणि सुनेला म्हणाले, "किती दिवस वाळवाचं, कवा पेराचं, ते आता तू सांगजो. आमी आयकू."

मित्रांनो, माझी हकीकत एवढीच आहे. मी आता परसात जात नाही, मांडणीवर असते. तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे जुने झाकण कुठे पडले असेल, तर त्याला मोडीत घालण्याआधी घासून पाहा, कुठल्या तरी भांड्यावर ते नक्की बसेल. आणि आणखी एक मागणे आहे. घरातले कोणी आपल्या मनाने काही पेरत असेल, तर त्याला मदत जरूर करा, जीव लावून करा. फक्त त्याचे दाणे उन्हात घालण्याआधी, किती दिवस घालायचे, हे एकदा त्यालाच विचारा.